फुकटचे गाठोडे

वस्तू स्वस्त दिसली की मनुष्याचे मन तिकडे ओढ घेते. आणि ती फुकट मिळत असेल, तर त्याला विवेकाचाही क्षणभर विसर पडतो. मोबाइलवरील खेळांच्या बाबतीत असेच घडते. एखादा खेळ दोन जीबींचा असतो, फोनमध्ये तेवढी जागा नसते. इतक्यात ‘हाच खेळ केवळ ५० एमबींत!’ अशी जाहिरात दिसते आणि बोट तिकडे वळते.

परंतु असे होणे शक्य आहे काय? कपड्यांच्या घड्या घातल्या म्हणजे ते थोड्या जागेत मावतात. पण घडी एकदा घट्ट बसली की आणखी जागा वाचत नाही. माहितीचेही तसेच आहे. काहीही न गमावता माहिती आखडण्याला मर्यादा असते, हे क्लॉड शॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४८ साली गणिताने दाखवून दिले. खेळांतील चित्रे व ध्वनी तर बहुधा आधीच आखडलेले असतात. तेव्हा अशा जाहिरातीतील गाठोड्यातून बराच भाग काढून टाकलेला असतो, तो मागाहून दुसरीकडून आणावा लागतो, किंवा त्यात खेळाऐवजी भलतेच काही असते.

गाठोडे सोडून पुन्हा बांधणाऱ्याला त्यात हवे ते घालता येते. अँड्रॉइडच्या प्रत्येक अ‍ॅपवर निर्मात्याची अंकीय मोहोर असते. आतील मजकूर बदलला की ती जुळत नाही. मग बदलणारा आपलीच मोहोर उठवतो.

जुलै २०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ हा खेळ प्रथम ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व अमेरिका येथे निघाला. इतर देशांतील अधीर लोक तो अनधिकृत ठिकाणांहून घेऊ लागले. थोड्याच दिवसांत संशोधकांना त्याची एक बनावट प्रत आढळली. ती दिसायला मूळ खेळासारखीच होती. परंतु तिच्या पोटात ‘ड्रॉइडजॅक’ नावाचा छुपा प्रोग्रॅम होता. त्याच्या योगे फोनचा ताबा परक्याच्या हाती जाऊ शकत होता. भारतात तो खेळ अधिकृतपणे डिसेंबर २०१६ मध्ये आला. तोवर थांबणाऱ्यांचे काहीच बिघडले नाही.

मूल ज्या फोनवर खेळते, तो पुष्कळदा आईचा किंवा वडिलांचा असतो. घरची छायाचित्रे, बँकेचे संदेश आणि ओटीपी त्यातच येतात. म्हणजे मौज एकाची आणि धोका साऱ्या घराला! म्हणून खेळ अधिकृत दुकानातूनच घ्यावा. जागा अपुरी असेल, तर जुना खेळ काढावा. एखादा खेळ संदेश वाचण्याची परवानगी मागू लागला, तर ती नाकारून वडीलधाऱ्यांना सांगावे. अनोळखी माणसाने दिलेले गाठोडे कोणी न पाहता घरात ठेवत नाही. फोन हेही घरच आहे.