सुलतानाने दिलेली सवलत

ऑटोमन तुर्क आपल्याला पुस्तकात भेटतात ते १४५३ साली कॉन्स्टँटिनोपल जिंकताना. त्यावरून युरोपशी त्यांचे कायम वैरच असणार, असे आपण धरून चालतो. फ्रान्सची गोष्ट मात्र वेगळी आहे.

१५२५ मध्ये पाव्हियाच्या लढाईत फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस हा सम्राट पाचव्या चार्ल्सच्या हाती सापडला. राजा कैदेत, आणि फ्रान्सच्या दोन्ही बाजूंना चार्ल्सचा मुलूख! तेव्हा राजमाता लुईझने मदतीसाठी थेट सुलतान सुलेमानकडे वकील धाडला. पहिला वाटेतच मारला गेला, दुसरा इस्तंबूलला पोहोचला. १५३५ पासून तेथे फ्रान्सचा वकील कायम राहू लागला. १५४३ च्या हिवाळ्यात तर बार्बारोसाचे तुर्की आरमार फ्रान्सच्या तूलाँ बंदरात मुक्कामाला होते. ख्रिस्ती राजाने सुलतानाशी हातमिळवणी करावी, याचा युरोपात फार गवगवा झाला.

आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो तो व्यापार. १५६९ साली सुलतान दुसऱ्या सेलीमने फ्रेंचांना व्यापाराच्या सवलती दिल्या. फ्रेंचांचे आपसातले तंटे त्यांच्याच वाणिज्यदूताने सोडवावेत, हीही त्यात सोय होती. मार्सेय बंदराची त्यामुळे भरभराट झाली. १६७३ मध्ये जकात शेकडा ५ वरून ३ वर आली. त्या काळी सुलतान बलाढ्य होता. सवलत म्हणजे त्याची मेहेरबानी, आणि नवा सुलतान गादीवर आला की ती पुन्हा मागून घ्यावी लागे.

१७३९ च्या बेलग्रेडच्या तहात फ्रेंच वकील व्हिलनव याने मध्यस्थी करून तुर्कांचा फायदा करून दिला. त्याची परतफेड म्हणून १७४० साली सुलतान पहिल्या महमूदने या सवलती पुढच्या सुलतानांवरही बंधनकारक केल्या. आमच्या मते खरी गाठ इथेच बसली. इतर राष्ट्रांनीही अशाच सवलती मिळवल्या होत्या. पुढे साम्राज्य दुबळे झाले, पण कागद तसाच राहिला. स्वतःच्या बंदरातली जकात शेकडा ८ वरून ११ करायची, तर १९०७ साली तुर्कांना परक्या सत्तांची संमती घ्यावी लागली!

१९१४ मध्ये महायुद्ध पेटताच तुर्कांनी या सवलती एकतर्फी रद्द केल्या. ते युरोपने मान्य केले १९२३ च्या लोझानच्या तहात. तोवर ऑटोमन सुलतानच उरला नव्हता.

नकाशात पाव्हिया, तूलाँ, मार्सेय, बेलग्रेड आणि इस्तंबूल शोधा, आणि चार्ल्सचा मुलूख रंगवून वर्गात लावा.