आधी काच, मग रीडिंग

पोरांनो, परभणीत मातीचे नमुने तपासायला येतात ते ऐन उन्हाळ्यात, मृगाच्या तोंडावर. उपलब्ध नत्र काढायची आपली रीत सुब्बय्या-असिजा यांची, 1956 सालची. 20 ग्रॅम माती परमँगनेट आणि कॉस्टिक सोड्यात उकळायची, निघालेला अमोनिया बोरिक आम्लात धरायचा आणि 0.02 नॉर्मल गंधकाम्लानं टायट्रेशन करायचं. ब्युरेटवरचा 1 मिली म्हणजे हेक्टरी 31.36 किलो नत्र, हे पक्कं डोक्यात ठेवा.

धुताना साबण, मग नळाचं पाणी, शेवटी डिस्टिल्ड वॉटर. ब्युरेट उभी धरून पाणी सोडा. आतून एकसारखा पातळ थर उतरला तर काच स्वच्छ. थेंब चिकटून राहिले तर तेलकटपणा आहे, पुन्हा धुवा.

विसळताना भांडं ओळखा. ब्युरेट दोन-तीनदा त्याच आम्लानं विसळायची, नाहीतर आतल्या पाण्यानं आम्ल पातळ होतं. पिपेटही जे मोजायचं त्यानंच विसळायची. शंकूपात्र मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरनं. ते ओलं राहिलं तरी चालतं, कारण त्यातल्या अमोनियाचं प्रमाण पाण्यानं बदलत नाही.

बोअरच्या पाण्यानं शेवटचा हात कधीच मारू नका. त्यातले बायकार्बोनेट आम्ल खातात. खात्री करायची असेल, तर इंडिकेटर घातलेल्या गुलाबी बोरिक आम्लात थोडं बोअरचं पाणी टाका; अमोनिया नसतानाही रंग हिरवट होतो.

आम्ल भरलं की आधी ब्युरेटच्या तोटीकडे बघा. हवेचा बुडबुडा दिसला तर कॉक पूर्ण उघडून जोरात धार सोडा. फनेल काढून ठेवा, त्यातला थेंब मागाहून पडतो. टोकाला लोंबणारा थेंब टिपा, मग शून्य वाचा. डोळा रेषेच्या समोर हवा.

द्रावण करायचं ते सकाळी. भांड्यावर छापलेलं तापमान वाचा. 27 अंशांसाठी आखलेल्या लिटरच्या फ्लास्कमध्ये 40 अंशांचं पाणी खुणेपर्यंत भरलं, तर ते थंड झाल्यावर साधारण 4 मिली कमी भरतं. मापाची भांडी ओव्हनमध्ये तापवू नका.

प्रत्येक खेपेला मातीविना ब्लँक लावा, तोही तशाच धुतलेल्या भांड्यांत. पण बुडबुड्याची चूक ब्लँक पकडत नाही.

आता नीट ऐका. ओली ब्युरेट, मध्येच निसटलेला बुडबुडा, शंकूपात्रातलं बोअरचं पाणी, या तिन्ही चुका रीडिंग वाढवतात. अर्धा मिली वाढला की 270 किलोंची जमीन 286 दिसते. 280 च्या खालचा ‘कमी’ गट सुटतो, शेतकऱ्याला युरिया कमी सांगितला जातो आणि पीक उपाशी राहतं. म्हणून नत्र अपेक्षेपेक्षा जास्त निघालं, तर अहवालावर सही करण्याआधी ब्युरेट पुन्हा धुवा आणि तोच नमुना पुन्हा लावा.