सोयाबीन घरचं चालतं, सरकी का चालत नाही?

मृग जवळ आला की देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर, कुठेही जा, कृषी केंद्राच्या ओट्यावर एकच प्रश्न असतो: ‘यंदा बियाणं घरचंच टाकू का?’ उत्तर पिकागणिक बदलतं. का बदलतं, ते घरातल्या नववीच्या पोराच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. त्याला आनुवंशिकतेचा धडा काढायला सांगा.

जनुक म्हणजे एका गुणाची चिठ्ठी समजा. प्रत्येक गुणासाठी रोपाकडे अशा दोन चिठ्ठ्या असतात. एक आईकडची, एक बापाकडची. सोयाबीनमध्ये आई-बाप एकच. फूल पुरतं उमलायच्या आतच त्याचा पराग त्यालाच लागतो. म्हणून सरळ वाणाच्या दोन्ही चिठ्ठ्या सारख्या आणि लेकरू आईसारखं. प्रमाणित बियाण्यापासून घेतलेलं घरचं सोयाबीन दोन-तीन वर्षं खुशाल पेरा, फक्त उगवण तपासून. त्याचं टरफल पातळ; पोतं आपटलं की आतला कोंब जातो. वाण चांगला पण उगवलंच नाही, ही तक्रार दर जूनला येते. त्यात पुष्कळदा दोष जनुकाचा नसतो, हमालीचा असतो.

ओल्या गोणपाटावर 100 दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडा. टपोरे निवडून घेऊ नका, तेवढी लबाडी आपण सगळेच करतो. गुंडाळी सावलीत ठेवा, ओल टिकवा, पाचव्या-सहाव्या दिवशी उलगडा. 70 चांगले कोंब निघाले तर एकरी 30 किलो पुरे. 60 निघाले तर 35 किलो लागेल. फारच कमी निघाले तर ते पोतं बाजाराला.

तुरीचं फूल मधमाश्यांना मोकळं असतं. शेजाऱ्याच्या तुरीचा पराग तुमच्या शेंगेत येतो, म्हणून बियाणं धुऱ्यावरच्या झाडांचं नको, वावराच्या मधलं धरा. हळदीत बापाचा प्रश्नच नाही. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेली वायगावची हळद गड्ड्यातून वाढते. नवं रोप म्हणजे तेच जुनं झाड. गुण तसेच उतरतात, पण गड्ड्यातली कूजही सोबत येते. मऊ पडलेला गड्डा बेण्यात घेऊ नका.

आता कपाशी. संकरित वाणाचे आई-बाप मुद्दाम वेगळे निवडलेले असतात. पहिली पिढी जोमदार आणि एकसारखी. तुम्ही वेचलेल्या कापसातली सरकी ही दुसरी पिढी. मेंडेलने 1866 मध्ये वाटाण्याचा जो हिशेब छापला, तो इथे लागतो: उंच आणि बुटक्याच्या संकरातून पहिल्या पिढीत सगळे उंच, कारण उंची प्रभावी. दुसऱ्या पिढीत तीन उंच, एक बुटका. दबलेली चिठ्ठी पुन्हा वर येते. कपाशीत असे किती तरी गुण एकदम फुटतात. ती सरकी लावली तर एक पऱ्हाटी गुडघ्याला, दुसरी छातीला.

हाच हिशेब बोंडाच्या आतही चालतो. अळीला विष ठरणारं बीटी जनुक संकरात एकाच पालकाकडून आलं असेल, तर बोंडातल्या साधारण चारातल्या एका सरकीत ते नसतंच. गुलाबी अळी सरकीच खाते. तिला अधूनमधून बिनविषारी दाणा मिळतो, ती तगते आणि प्रतिकाराची चिठ्ठी पुढच्या पिढीत जाते. बीटी 2002 मध्ये आलं, दोन जनुकांचं 2006 मध्ये. 2017 मध्ये विदर्भातली बोंडं या अळीने पोखरली.

अळीची प्रतिकारशक्ती मात्र अप्रभावी आहे. दोन्ही चिठ्ठ्या तशा असतील तरच ती बीटीवर जगते. बिगर-बीटी झाडांवर वाढलेला साधा पतंग जोडीला मिळाला, तर पिल्लांकडे एकच चिठ्ठी जाते आणि बीटी त्यांना मारतं. पूर्वी बिगर-बीटी बियाण्याचं 120 ग्रॅमचं वेगळं पाकीट मिळायचं ते यासाठीच, आणि आपण ते बांधावर फेकायचो. आता ते दाणे थैलीतच मिसळून येतात.

अळीला रोखायचं तर मृगाआधी लागवड नको. डिसेंबरअखेर पऱ्हाटी काढा, फरदड ठेवू नका. फुलं लागली की हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री सापळ्यागणिक आठ पतंग सापडले, की सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून फवारणी करा.