फुकटचा खेळ

मुदखेडच्या जंक्शनवर मनमाड, सिकंदराबाद व आदिलाबाद या तीन दिशांचे रूळ एकत्र येतात. तेथे गाडीची वाट पाहणाऱ्या पुष्कळ उतारूंच्या हाती आता मोबाइल असतो. कित्येकांच्या पडद्यावर सोंगट्या धावत असतात.

हा खेळ आपल्याला नवा नाही. आपल्या पचिशीवरून इंग्लंडात लुडो तयार झाला व तेथे त्याचे पेटंट घेण्यात आले. पुढे २०१६ साली नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने ‘लुडो किंग’ या नावाने तो मोबाइलवर आणला. २०२० च्या टाळेबंदीत तो घरोघरी पोहोचला. नियम सोपे, डाव लहान आणि परगावचा भाऊही खेळगडी होतो. मग त्याची गोडी लागावी यात नवल ते काय?

परंतु मुलांनो, खेळ जर फुकट, तर कंपनीचे कसे भागते? खेळताना मधूनमधून जाहिराती दिसतात. त्यांचे मोल जाहिरातदार कंपनीला देतो. म्हणजे आपले लक्ष हाच तेथे विकला जाणारा माल होय. शिवाय खेळातील नाणी व नवे फासे खऱ्या रुपयांना मिळतात. रोज येणाऱ्यास बक्षीस असते, ते त्याने उद्याही यावे म्हणूनच!

घरच्या पटावरील डाव आटोपला की सोंगट्या पिशवीत जातात. मोबाइलवर मात्र एक डाव संपताच दुसरा पुढे उभा राहतो. म्हणून खेळ अवश्य खेळावा. पण एवढे ध्यानी ठेवावे, की फाशाचे दान दैवाच्या हाती असते, डाव थांबविणे आपल्या हाती असते.