माळ्यावरची शाळा

तुमच्या घराचा माळा एकदा डोळ्यांपुढे आणा. तिथे काय काय आहे? जुना कंदील असेल. मोडका पाळणा असेल. आणि बहुतेक घरांत एखादी पत्र्याची पेटी किंवा गोणी असेल. तिच्यात मुलांची जुनी पुस्तके, वह्या, पाट्या असतील. मुले मोठी झाली. कोणी नोकरीला गेले, कोणी सासरी गेले. पुस्तके मात्र माळ्यावरच राहिली.

ही पुस्तके ठेवावी की द्यावी? द्यायची तर कोणती, आणि कोणाला? आज या पाठात आपण एवढेच पाहणार आहोत. गोष्ट लहान दिसते. पण तशी ती लहान नाही.

आमच्या साक्षरता वर्गात एक ताई येत असत. आधी त्यांची हकीकत ऐका.

घरची शाळा

२०२० साल तुम्हां सर्वांना आठवत असेल. करोनाची साथ आली आणि मार्च महिन्यात शाळांना कुलपे लागली. पहिली ते चौथीची मुले दीड वर्षाहून जास्त दिवस घरीच राहिली. मग घरोघरी शाळा भरू लागल्या. कोणी दारामागे पाढे लिहिले. कोणी चिंचोके मांडून बेरीज शिकवली. सोलापूरच्या नीलमनगर भागात तर घरांच्या बाहेरच्या भिंतींवरच धडे रंगवले. मुले भिंतीपुढे उभी राहत आणि वाचत.

ताईंचा धाकटा मुलगा त्या वर्षी पहिलीत जायचा होता. थोरली मुलगी आठवीत होती. घरात मोबाइल एकच, आणि तो बापाच्या खिशात रानात जायचा. तेव्हा थोरलीच भावाची मास्तरीण झाली. तिने खोक्याचा पुठ्ठा कापून अक्षरकार्डे केली. शंभर मण्यांची माळ ओवली. रोज सकाळी पाटी घेऊन ती भावाला शिकवायला बसे.

ताई चुलीपुढे भाकरी थापत. हात परातीत, पण कान आणि डोळे तिकडे. एके दिवशी पोरगा एका कार्डाशी अडला. बहीण विचारते, "हे कोणतं अक्षर?" पोरगा गप्प. ताई तव्यावरची भाकरी उलटता उलटता बोलून गेल्या, "अरं, घराचा घ हाय की त्यो!"

थोरली बघतच राहिली. मग म्हणाली, "आये, उद्यापासनं तू बी पाटीवर बस."

त्या दिवसापासून त्या शाळेत दोन विद्यार्थी झाले. पुढे 'उल्लास' हा साक्षरता कार्यक्रम आला. ताई आमच्या वर्गात आल्या, तेव्हा निम्मी अक्षरे त्यांना येतच होती. २०२४ सालच्या मार्चमध्ये त्यांनी परीक्षा दिली आणि त्या पास झाल्या.

आता मुलगा मोठा झाला. मुलगी शिकायला तालुक्याला गेली. कार्डे, माळ, पाटी, पुस्तके सगळे पेटीत भरून माळ्यावर गेले. आम्ही एकदा त्यांना म्हटले, "ताई, ते सामान कोणा लहान मुलाला देऊन टाका."

ताई म्हणाल्या, "कसं देऊ, गुरुजी? पोरांची शाळा गावात हाय. माझी शाळा त्या पेटीत हाय."

यावर आम्हांला काही बोलता येईना.

आमची चूक

बोलता येईना याला दुसरेही कारण होते. हीच चूक आम्ही पूर्वी स्वतः केली होती.

आमच्या शाळेत एक कपाटभर गोष्टींची पुस्तके होती. कपाटाला काचेची दारे होती. पुस्तक हरवले तर त्याचे पैसे आपल्या पगारातून जातील, अशी आम्हांला भीती वाटे. म्हणून आम्ही कपाटाला कुलूप लावले आणि किल्ली खिशात ठेवली. मुले मधल्या सुट्टीत काचेला नाक लावून पुस्तकांची चित्रे पाहत. वर्षाअखेर आम्ही बाहेरूनच पुस्तके मोजत असू आणि नोंदवहीत सही करीत असू. एकही पुस्तक कमी नाही, याचा आम्हांला अभिमान होता.

निवृत्त होताना नव्या मुख्याध्यापकांकडे चार्ज द्यायचा होता. त्या दिवशी कपाट पुरते रिकामे केले. मागची भिंत पावसाने ओली होत असे. मागच्या रांगेतली पुस्तके ओल धरून एकमेकांना चिकटली होती. पान उघडेना. वहीतला हिशेब बरोबर होता, पण ती पुस्तके कोणी वाचलीच नव्हती. दोष दुसऱ्या कोणाचा नव्हता, आमचा होता.

आपल्याकडे ग्रंथालयाचे शास्त्र घडवणारे एक थोर गृहस्थ होऊन गेले. त्यांचे नाव शि. रा. रंगनाथन. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले. पुस्तक हे वापरासाठी असते, हा त्यांतला पहिला नियम. हा नियम आम्ही ट्रेनिंगमध्ये पाठ केला होता. त्याचा अर्थ मात्र त्या दिवशी कळला.

पेटी उघडल्यावर काय करावे?

गेल्या वर्षी पावसाळ्यात ताईंचे घर गळले. पेटी खाली काढावी लागली. उघडून पाहतात तो खालचा थर वाळवीने खाल्लेला! थोरलीची आठवीची पुस्तके गेली. वरच्या वह्यांना कसर लागली होती. ताई आम्हांला बोलावून म्हणाल्या, "गुरुजी, म्या कुणाला दिली न्हाईत, आन् ती वाळवीनं नेली."

मग आम्ही दोघांनी ओसरीवर बसून सामानाचे चार ढीग केले. तुम्हीही तसेच करा.

पहिला ढीग : घरात लागणारे. शब्दकोश, गोष्टींची पुस्तके, पाढ्यांची अंकलिपी, संतांचे अभंग. ही जुनी होत नाहीत. तुम्ही नुकतेच वाचायला शिकला आहात. तुमच्या वाचनासाठी यांतली दोनचार हाताशी ठेवा. पण माळ्यावर नव्हे, फळीवर ठेवा.

दुसरा ढीग : दुसऱ्याच्या कामाचे. पाटी, मणीमाळ, अक्षरकार्डे, कोरी पाने उरलेल्या वह्या, चालू अभ्यासक्रमाची पुस्तके.

तिसरा ढीग : शिळे झालेले. जुन्या अभ्यासक्रमाची पुस्तके, भरलेल्या वह्या, फाटके तक्ते.

चौथा ढीग : आठवणीचे. हा ढीग लहान असावा. एका पिशवीत मावेल एवढाच.

पुस्तक शिळे कसे होते?

तुम्ही म्हणाल, विद्या काय शिळी होते? दोन आणि दोन चार, ते चारच राहणार. खरे आहे. पण शाळेचे पुस्तक बदलते. आपल्या राज्याची पाठ्यपुस्तके बालभारती ही संस्था तयार करते. ती १९६७ साली पुण्यात स्थापन झाली. अभ्यासक्रम बदलला की नवी पुस्तके येतात. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पंचवीस'बरोबर 'वीस पाच' असे वाचण्याची रीत आली, आणि गावोगावी त्याची चर्चा झाली.

भूगोलही बदलतो. २०१४ साली ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि महाराष्ट्राचे जिल्हे ३६ झाले. त्याआधीच्या पुस्तकात ३५ च सापडतील. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव हे २०२३ साली झाले. अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ साली झाले. २००६ पूर्वीच्या पुस्तकात सूर्याचे ग्रह नऊ आहेत; आता आठ मानतात. असे पुस्तक आपण एखाद्या मुलाला अभ्यासाला दिले, तर देणाऱ्याला पुण्य आणि मुलाला चुकीचे उत्तर, असे होईल.

म्हणून पुस्तक देण्याआधी पहिली दोन पाने उलटा. 'प्रथमावृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' या शब्दांपुढे साल छापलेले असते. ते वाचा. मग त्या इयत्तेच्या गुरुजींना किंवा बाईंना विचारा, "हेच पुस्तक चालू आहे का?" तुम्हांला आता वाचता येते. हे काम दुसऱ्यावर सोपवू नका.

द्यावे कोणाला?

सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना पुस्तके फुकट मिळतात. नववीपासून पुढची पुस्तके मात्र बहुतेकांना विकत घ्यावी लागतात. म्हणून नववी ते बारावीची चालू पुस्तके असतील, तर ती सर्वांत आधी बाहेर काढा. परीक्षा झाली की लगेच द्या. जूनमध्ये शाळा उघडली की घेणारा खर्च करून मोकळा झालेला असतो. मग तुमच्या देण्याचा उपयोग काय? पुस्तकात पेन्सिलीने उत्तरे लिहिली असतील, तर खोडून द्या.

गोष्टींची जास्तीची पुस्तके गावच्या वाचनालयाला द्या. पण आधी जाऊन विचारा. त्यांना नको असलेली गोणी दारात ठेवून येणे हे दान नव्हे. सातारा जिल्ह्यात पाचगणीजवळ भिलार नावाचे गाव आहे. तिथे स्ट्रॉबेरी पिकते. २०१७ सालापासून ते 'पुस्तकांचे गाव' झाले आहे. तिथल्या अनेक घरांत पुस्तके मांडून ठेवली आहेत. कोणीही जावे, बसावे, वाचावे. आपल्या गावाला एवढे जमणार नाही. पण एका ओसरीवर एक फळी तर जमेल!

आणखी एक सांगतो. देऊन टाकले म्हणजे पुस्तक कायमचे गेले, असे समजू नका. बालभारतीची पुस्तके मोबाइलवर फुकट पाहता येतात.

झटकून द्या

कोणतेही पुस्तक घराबाहेर जाण्याआधी ते उलटे धरून झटका. आपल्याकडे महत्त्वाचे कागद पुस्तकात ठेवण्याची रीत आहे. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक, सातबाऱ्याचा उतारा, पतपेढीची पावती, कधी शंभराची नोट. ताईंच्या एका नकाशाच्या पुस्तकात मुलीचा जातीचा दाखला निघाला! आधार कार्डाची नक्कल निघाली, तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. बारीक फाडून टाका.

रद्दीत पाप नाही

पुस्तकाला पाय लागला तर आपण नमस्कार करतो. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून पुजतो. म्हणून पुस्तक रद्दीत घालताना हात अडखळतो. हा अडखळणारा हात चांगल्या संस्काराचा आहे. पण विचार करा. माळ्यावर उंदराने कुरतडलेले पुस्तक आणि रद्दीत गेलेले पुस्तक, यांत मान कोणाचा अधिक राहिला? रद्दीचा कारखान्यात लगदा होतो. लगद्याचा पुन्हा कागद किंवा पुठ्ठा होतो. वाळवीने खाल्लेल्याची माती होते.

दोन गोष्टी मात्र करू नका. छापील कागदात भजी, चिवडा असे पदार्थ बांधू नका. छपाईची शाई अन्नाला लागते आणि ती पोटाला घातक असते. दुसरे, प्लॅस्टिक लावलेले तक्ते चुलीत घालू नका. त्यांचा धूर विषारी असतो.

ताईंनी काय केले?

तिसरा ढीग रद्दीवाल्याने नेला. दुसरा ढीग कितीतरी दिवस ओसरीवरच होता. ताईंचे मन होईना. आम्हीही पुन्हा काही बोललो नाही.

दिवाळीनंतर आमच्या शिवारात ऊसतोडणीच्या टोळ्या आल्या. त्यांच्या कोप्या ताईंच्या रानाजवळच पडल्या. तिथे सातआठ वर्षांची एक पोर होती. आईबाप फडात जात, तेव्हा ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन सांभाळी. एकदा ताई रानात गेल्या. पाहतात तो ती पोर गुळाच्या ढेपेवरचा फाटका कागद धरून बसली होती. त्यावरच्या अक्षरांवरून बोट फिरवत होती, पण वाचता काही येत नव्हते.

ताई तिथूनच घरी परतल्या. संध्याकाळी पाटी, माळ आणि कार्डे पदरात घेऊन कोपीवर गेल्या. पोरीच्या हातात पहिले कार्ड दिले ते 'घ'चे. मग गळीत हंगाम संपेपर्यंत दिवेलागणीला घटकाभर त्या तिथे बसत. टोळी परत निघाली तेव्हा पोरीला आपले नाव लिहिता येत होते. सामान ती बरोबर घेऊन गेली. ताईंनी एकच अट घातली. "तुझं झालं की भावाला शिकीव. त्याचं झालं की म्होरं दुसऱ्याला दे. माळ्यावर ठिवू नगं."

चौथ्या ढिगातली एक वही मात्र ताईंनी ठेवली. तिच्यात त्यांनी स्वतःचे नाव पहिल्यांदा लिहिले आहे. एकाच पानावर कितीतरी वेळा. खाली लेकीने लाल पेन्सिलीने 'शाब्बास' लिहिले आहे. आम्ही विचारले, "ही नाही दिली?"

ताई म्हणाल्या, "ही दुसऱ्याच्या काय कामाची, गुरुजी? ही माझीच हाय."

ते आम्हांला पटले.

विचार करून सांगा

१. ताईंनी "माझी शाळा त्या पेटीत हाय" असे का म्हटले?
२. शाळेच्या कपाटातली पुस्तके कशाने खराब झाली? ओलीने की कुलपाने?
३. कोणत्या इयत्तांची पुस्तके आधी द्यावी? का?
४. पुस्तक देण्याआधी कोणत्या दोन गोष्टी पाहाव्या?

करून पाहा

येत्या रविवारी माळ्यावरची पेटी खाली काढा. चार ढीग करा. प्रत्येक ढिगात किती पुस्तके झाली, ते वहीत लिहा. दुसऱ्या ढिगातले एक तरी पुस्तक त्याच आठवड्यात कोणाच्या तरी हाती द्या. आणि कोणाला दिले, त्याचे नाव स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवा.