आईची ओवी आणि पेटी

हल्ली गाणे फोनमध्ये भरता येते. १९८५ च्या सुमारास मात्र घरी आवाज साठवायचा तर कॅसेट लागे. ही कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ साली काढली. तिच्यात प्लास्टिकची फीत असते. चार मिलिमीटरसुद्धा रुंद नाही. फितीवर तपकिरी भुकटी असते. लोखंडाचा गंजच म्हणा ना. टेपरेकॉर्डर आवाजाची वीज करतो आणि त्या विजेने भुकटीवर लोहचुंबकाच्या खुणा उमटवतो.

आमचे घर नेवासे तालुक्यात. आई पहाटे जात्यावर ओव्या म्हणे. तिला पेटीची साथ द्यावी असे मला फार वाटे. पण मी पेटी घेऊन बसलो की आई गप्प. म्हणायची, "माणूस म्होरं बसलं की ओवी सुचत न्हाई रं." टेपाला मात्र ती भीत नव्हती. तेव्हा एका पहाटे बटण दाबून मी अंगणात गेलो. तिची एकटीची ओवी भरली.

मग शेजाऱ्याचा टेप मागून आणला. आमचा टेप ओवी वाजवी, मी पेटी धरी, आणि शेजाऱ्याचा टेप दोन्ही भरून घेई. जमले की! हाव सुटली. तशीच तिसऱ्यांदा टाळ घातली. पण दर वेळी नक्कल होते, आणि नकलेबरोबर खरखर वाढते. दुसऱ्या नकलेत आई विहिरीतून गाते आहे असे वाटले.

यावर इलाज होता. १९७९ साली जपानच्या टीॲक कंपनीने पोर्टास्टुडिओ हे यंत्र काढले. त्यात एकाच फितीवर चार सऱ्यांसारख्या चार पट्ट्या. एकीवर ओवी, दुसरीवर पेटी, तिसरीवर टाळ. आधीची ऐकत पुढची भरायची; मूळ ओवी जागची हलत नाही. चारही पट्ट्या एकाच दिशेने जातात, म्हणून ती कॅसेट उलटायची नसते. उलटलीत तर गाणे शेवटाकडून वाजेल! एवढे यंत्र मास्तराला कुठले परवडणार?

पण एक फुकटचे काम होते, तेही माझ्याकडून राहिले. कॅसेटच्या पाठीकडे दोन लहान खुंट्या असतात. खुंटी मोडली की त्या बाजूवर पुन्हा काही भरता येत नाही. मी मोडली नाही. घरातल्या एका पोराने मूळ ओवीवर क्रिकेटचे समालोचन भरले.

आई आता नाही. विहिरीतली ती दुसरी नक्कल तेवढी आहे. गेल्या वर्षी नातवाने ती संगणकावर उतरवून दिली. टाळ जरा जोरातच वाजली आहे.