बस्त्याला पुण्यात जाताना

घरात लग्न ठरलं की वरंध खोऱ्यात पहिली चर्चा होते ती बस्ता कुठं बांधायचा याची. महाडात की पुण्यात? रोजच्या गरजेला बिरवाडी आणि महाडची पेठ पुरते. तिथला दुकानदार घराणं ओळखतो, कापड बदलून देतो, राहिलेले पैसे भात विकल्यावर घेतो. जुलै २०२१च्या पुरात महाडची पेठ बुडाली आणि चिखल उपसून पुन्हा उभी राहिली. तिच्याशी लोकांचं नातं जुनं आहे. पण साड्या, भांडी, दागिने, मानपान असं सगळं एकदम घ्यायचं झालं, की माणसं वरंध घाट चढून भोरमार्गे पुण्याला जातात.

पुण्यात मात्र आपल्याला कुणी ओळखत नसतं. महाडात तोंडी शब्दावर भागतं, तिथं हातात कागद लागतो.

याचा चटका आमच्या घरच्या लग्नात बसला. रुखवतासाठी तांब्याचा बंब घेतला होता. दुकान कोणतं ते सांगण्यात अर्थ नाही, तसं कुठंही घडू शकतं. बंब काट्यावर चढला, आकडा आला, तांब्याच्या भावाने हिशेब झाला. घरी आणून खोलला तेव्हा ध्यानात आलं की आतली लोखंडी जाळी आणि पितळी तोटीही तांब्याच्याच भावाने गेली होती. पावतीवर ‘बंब’ एवढा एकच शब्द आणि एक रक्कम. पुन्हा घाट चढून जावं, तर दाखवायचं काय? वजन लिहिलेलं नव्हतं, भाव नव्हता, दुकानाचा शिक्काही नव्हता.

तेव्हापासून आमच्याकडून बस्त्याला निघणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं जातं, की आधी बाजाराची रचना समजून घ्यावी, मग पिशवी उघडावी. पुण्याच्या जुन्या पेठांत एकेका मालाची एकेक गल्ली आहे. रविवार पेठेतल्या कापडगंजात कापड, तापकीर गल्लीत विजेचं सामान, नाना पेठेत दुचाकीचे सुटे भाग, अप्पा बळवंत चौकात पुस्तकं. एकाच मालाची दहा दुकानं शेजारी असल्यामुळे अर्ध्या तासात खरा भाव कळतो. पहिल्या दुकानात पैसे मोजणाऱ्याला तो कळत नाही.

फिरायला सुरुवात मंडईपासून करावी. स्वारगेटच्या एसटी स्टँडवरून मेट्रोने मंडई हे पहिलंच स्थानक आहे, सप्टेंबर २०२४पासून ही सोय झाली. मधोमध अष्टकोनी मनोरा असलेली मंडईची दगडी इमारत १८८६ साली रे मार्केट या नावाने उघडली. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी तिच्यावरच्या खर्चाला विरोध केला होता, हा पैसा शिक्षणावर खर्च व्हावा असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुल्यांचंच नाव मिळालं. आत भाजीचे गाळे ओळीने आहेत. दोन-तीन गाळे पाहून बोलणी करणारी पुणेकर बाई थोडा वेळ नुसती न्याहाळली, तरी भाव कसा करायचा ते समजतं. घाऊक भाजी मात्र इथं शोधू नये, तो व्यवहार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात चालतो.

तिथून तुळशीबाग चालत दोन मिनिटांवर. पेशवाईत नारो अप्पाजी खिरे, म्हणजे तुळशीबागवाले, यांनी बांधलेल्या राममंदिराभोवती हा बाजार वाढला. बांगड्या, पूजेची उपकरणी, भातुकली, रुखवताचं सामान, सगळं अरुंद बोळांत मांडलेलं. सणाच्या आधी इथं पाय ठेवायला जागा नसते. पैसे एकाच्याच खिशात ठेवू नयेत, पर्स पोटाशी धरावी, आणि चुकामूक झाल्यास भेटायची जागा राममंदिराचं दार अशी आधीच ठरवावी. बोळांत फोन लागेलच याचा भरवसा नसतो.

भांडी घ्यायची तर कसबा पेठेतली तांबट आळी एकदा पाहावीच. तिथले तांबट मूळचे कोकणातले, पेशव्यांच्या काळात पुण्यात स्थिरावले. गल्लीत शिरण्याआधीच ठोक्यांचा आवाज येतो. तांब्याचा पत्रा घडवून झाला की गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने त्यावर शेजारी शेजारी ठोके देतात. यालाच मठारकाम म्हणतात. ते केवळ शोभेसाठी नसतं, ठोक्यांनी पत्रा कडक होतो आणि भांडं सहजी चेपत नाही. हाती केलेल्या मठारात ठोके किंचित कमीजास्त दिसतात, बोट फिरवलं की जाणवतात. स्वयंपाकाचं भांडं असेल तर आतून कल्हई आहे ना, ते विचारून घ्यावं.

वजनावर विकली जाणारी वस्तू घेताना काटा शून्यावर आहे का, त्यावर वैधमापन विभागाचा पडताळणीचा शिक्का आहे का, हे बघावं. जाळी, तोटी, कड्या वेगळ्या तोलायला सांगाव्यात. सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हवा, १ एप्रिल २०२३पासून तो लागू आहे. साडी काउंटरवर पूर्ण उलगडून बघावी, पदर आणि ब्लाऊजपीस तपासावा. पावती पक्की घ्यावी. तिच्यावर वजन, भाव, मजुरी वेगवेगळी लिहिलेली असावी आणि बदलून देण्याची मुदतही लिहून घ्यावी. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथं तक्रार करतानाही हीच पावती लागते.

शेवटी परतीचा विचार. पावसाळ्यात दरडींमुळे वरंध घाट वाहतुकीला बंद होतो, मग ताम्हिणीतून माणगावला उतरून महाड गाठावं लागतं. त्यात वेळ जातो, अंधार होतो, आणि भांड्यांच्या गाठोड्यांसह गाडी बदलणं बायकामुलांना जड जातं. म्हणून निघण्याआधी महाड स्टँडवर घाटाची चौकशी करावी, दुकानाची साप्ताहिक सुट्टी फोनवर विचारावी आणि अवजड भांडी सगळ्यात शेवटी घ्यावीत.